तिघींचं बरोबर

पडवीत परत आलेले अकरा दोर होते. तीन पेडांचे, अंगठ्याएवढे जाड, टोकांना सुतळीने घट्ट बांधलेले. मापटीने ते एकेक उलगडून मोजले. सगळ्यात लांब होता तो चोवीस मीटर नऊ सेंटिमीटर, सगळ्यात आखूड चोवीस मीटर दोन. होडीवाल्यांच्या मुकादमाला हवे होते पंचवीस. नदी चढायच्या आत त्याला असे चाळीस दोर लागायचे. अकरा त्याने परत पाठवले होते आणि उरलेल्या एकोणतिसांचं काय, हे विचारायला माणूस धाडला होता.

"आधी मला वाटलं, माझाच पीळ घट्ट बसायला लागलाय," बाबा म्हणाले. "मग वाटलं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दिसत नसेल नीट."

"दोर नाही आखडला," आई ताग विंचरता विंचरता म्हणाली. "वाट आखडली."

घरामागच्या लांब मोकळ्या पट्ट्याला सगळे वाट म्हणत. एका टोकाला सिमेंटचा ओटा, ओट्यावर पीळ देणारं चाक. चाकाच्या आकड्याला ताग अडकवायचा आणि सूत सोडत सोडत उलटं चालत वाटेच्या दुसऱ्या टोकाला जायचं. मग तीन पेड एकत्र पिळले की लांबीचा तिसरा हिस्सा पिळात जातो. छत्तीस मीटरची वाट चालली की चोवीस मीटरचा दोर हातात येतो. यात कुणाचं काही चालत नाही. देवाचंही नाही, असं आजोबा, म्हणजे आबा, म्हणत.

मापटीने वाट मोजली. ओट्याच्या कडेपासून तारेच्या कुंपणापर्यंत छत्तीस मीटर दहा. ओटा मागे सरकवता येत नव्हता, त्याच्या मागे घराची भिंत होती. आणि कुंपण पुढे सरकलं होतं. बाबा मोतीबिंदूसाठी दवाखान्यात होते त्या आठवड्यात शेजारच्या विटवाल्याने जुनं काटेरी कुंपण काढून नवं तारेचं घातलं होतं, आणि त्याला लागून लगेच भाजक्या विटांची थप्पी रचली होती.

मापटी हे तिचं नाव नव्हे. चार वर्षांची असताना ती धान्याचं मापटं घेऊन घरभर फिरायची. पाणी किती, माती किती, मांजराचं पिल्लू किती. आता पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन परत आली होती, तरी नाव मापटीच राहिलं.

सरकारी मोजणीदार येऊन गेला तेव्हा विटवाला खांद्यावर पंचा टाकून उभाच होता.

"नकाशावर इथे हद्दीचा दगड दाखवलाय," मोजणीदार म्हणाला. "पण नकाशा जुना, कागद ताणलेला. दोन-तीन मीटर इकडचे तिकडे सहज होतात. दगड कुठाय?"

"होता," बाबा म्हणाले. "पुरलेला आहे. आमच्या वडिलांनी आणि यांच्या वडिलांनी मिळून पुरला."

"कुठे?"

दगड पुरला तेव्हा बाबा पाळण्यात होते.

"दगड होता म्हणता ना?" विटवाला हसला. "मग दाखवा की. मी नाही म्हणतोय का?"

मोजणीदाराने वही मिटली. "पुढच्या गुरुवारी परत येतो. दगड निघाला तर दगड ही हद्द. नाही निघाला तर आज आहे ते कुंपण कायम."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या तळहाताला तागाने पडलेल्या भेगा होत्या, त्यांत ते अंगठ्याचं नख फिरवत राहिले. वाट छत्तीस मीटरचीच राहिली तर मुकादम दुसरीकडे जाणार, आणि एवढा लांब दोर दुसरं कुणी घेत नव्हतं. म्हणजे चाक बंद.

"त्या दिवशी कोण कोण होतं तिथे?" मापटीने विचारलं.

"कोण असणार? तुझ्या तिघी आत्या."

तिघी दुसऱ्याच दिवशी आल्या. थोरली शिवणकाम करणारी, गळ्यात मापाची टेप घालूनच बसमधून उतरली. मधली दवाखान्यात आया होती, ती आल्या आल्या बाबांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायला लागली. धाकटी बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेली, घरात सगळ्यांत मोठा आवाज तिचा आणि सगळ्यांत मोठे पायही तिचेच.

"दगड ना? मला पक्का ठाऊक आहे," थोरली म्हणाली.

"तुला काय ठाऊक? तू तर त्या दिवशी रुसून बसली होतीस."

"रुसले ते नंतर! फितीवरून!"

"पुढे सरका, पुढे सरका, मला बोलू द्या..."

पाच मिनिटं मापटीने ऐकलं. तिघींच्या बोलण्यातून तिला एक अख्खं वाक्य मिळालं नाही. तिने फोन काढला.

"आत्या, एकेकीने. वेगवेगळ्या खोलीत. बाकीच्या दोघी बाहेर. मी रेकॉर्ड करणार."

"आम्ही काय चोर आहोत?" मधली म्हणाली.

"साक्षीदार आहात. साक्षीदारांना वेगळंच बसवतात."

हे मात्र तिघींना आवडलं. थोरलीने केस नीट केले. "चेहरा येतो का गं त्यात?"

"नुसता आवाज."

"असू दे," म्हणून तिने तरी पावडर लावली.

थोरली आतल्या खोलीत सत्तेचाळीस मिनिटं बोलली. मधली स्वयंपाकघरात, आईला हाताखाली मदत करत, बावन्न मिनिटं, मध्येमध्ये डब्यांची झाकणं वाजत. धाकटी पडवीत परत आलेल्या दोरांवर बसून एक तास चार मिनिटं. मापटीने तिघींना तेच सहा प्रश्न विचारले आणि मध्ये तोंड घातलं नाही. फक्त एकदा, मधली रडली तेव्हा, तिने पाण्याचा पेला पुढे केला.

संध्याकाळी ओट्याशेजारी सगळे बसले आणि मापटीने फोन मध्ये ठेवला. आधी थोरलीचा आवाज आला.

"...त्या वर्षी आबांनी चाकासाठी हा ओटा घातला. त्याच दिवशी दुपारी शेजारचे आले आणि दोघांनी मिळून दगड पुरला. आबा म्हणाले, कागदाला कसर लागते, माणूस मरतो. तुम्ही तिघी लक्षात ठेवा. ओट्याच्या कडेपासून दगडापर्यंत किती पावलं, मोजा. जिचं बरोबर येईल तिला ही लाल फीत. मी मोजली एकशे एकाहत्तर."

"एकशे त्र्याण्णव!" मधली फोनवर ओरडली. "ए, खोटं बोलतेस!"

"अगं, तो फोन आहे."

"असू दे. खोटं ते खोटं."

मधलीचं रेकॉर्डिंग लागलं. त्यात एकशे त्र्याण्णवच होते, आणि दगडावर आबांनी छिन्नीने पाडलेली फुली होती, आणि शेजारच्यांच्या टोपीत ठेवलेलं पानाचं पुडकं होतं. मग धाकटी. "मला तेव्हा शंभराच्या पुढे येत नव्हतं. मी विसावर एक अशा तागाला गाठी मारत गेले. अकरा गाठी झाल्या आणि वर तीन पावलं."

"अकरा विसा आणि तीन," मापटीने लिहिलं. "दोनशे तेवीस."

"बघा!" थोरली म्हणाली. "सहा-सात वर्षांची कार्टी, हिला मोजता येतंय होय?"

"चाळीस वर्षं तिकिटं फाडलीत मी. एक पैसा कधी कमी भरला नाही."

"मग आबांनी कुणाला दिली फीत?" आईने विचारलं. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, पण ही गोष्ट तिने पुरती कधी ऐकली नव्हती.

फोन चालूच होता. मग फोनमधून धाकटीच म्हणाली, "आबा हसले. म्हणाले, तिघींचं बरोबर. आणि कात्री घेऊन फितीचे तीन तुकडे केले. एवढेएवढेसे. कुणाच्याच वेणीला पुरले नाहीत."

"तोंडदेखलं बोलले," थोरली म्हणाली. "भांडण नको म्हणून. बरोबर माझंच होतं."

"हो, तर! तू थोरली ना."

पण एका गोष्टीत तिघींचा मेळ होता, आणि मापटीने ती अधोरेखित केली. पावलं साधी नव्हती. सूत सोडताना भरभर मागे गेलं तर ते बारीक पडतं, रेंगाळलं तर जाड. म्हणून आबांनी पोरींना एकच चाल शिकवली होती. मागचं पाऊल असं टाकायचं की त्याचा चवडा पुढच्या पावलाच्या टाचेला लागलाच पाहिजे. फीत जिंकायलाही त्या तसंच चालल्या होत्या.

"मग सोपं आहे," थोरली उठली. "मी आत्ता चालते. एकशे एकाहत्तर."

सकाळी ती चालली. ओट्याकडे तोंड करून, एकोणसत्तर वर्षांची बाई, गुडघ्यावर हात ठेवत, टाचेला चवडा लावत मागे मागे गेली. बाकी दोघी दोन्ही बाजूंनी आकडे मोजत चालल्या, मुद्दाम मोठ्याने. कुंपण लागलं तेव्हा दीडशे झाले होते.

"अजून एकवीस," धाकटीने पुकारा केला. "कुणी उतरणार आहे का?"

विटवाला थप्पीवर बसून दात कोरत होता. "या की आत. उद्या माझ्या चुलीपर्यंत या."

"विटवाले, एक खड्डा खणू द्या," बाबा म्हणाले. त्यांनी हात जोडले नाहीत, पण आवाज जोडल्यासारखा निघाला.

"एकच. नाही सापडलं तर तोंड बंद."

थोरली तार वाकवून आत गेली. तिचा पदर तारेत अडकला आणि टरकन फाटला, तिने मागे वळून पाहिलंही नाही. थप्पीला वळसा घालून त्याच सरळ रेघेत तिने उरलेली पावलं मोजली. बाबांनी आणि आईने कुदळीने कमरेएवढा खड्डा खणला. ऊन तापत गेलं. बाबांच्या डोळ्यात माती जाऊ नये म्हणून मधलीने त्यांना काळा चष्मा लावायला लावला, त्याच्यावर विटवाल्याची माणसं हसली. खाली पिवळी माती निघाली, मग मुरूम, मग आणखी मुरूम.

"झालं?" विटवाल्याने विचारलं. "खड्डा बुजवून जा. माझी म्हैस पडायची."

सगळे घरी परतले. थोरलीने पिशवी भरायला घेतली. "दुपारच्या बसने जाते. मला शिवायचं आहे."

"ताई," मधली म्हणाली.

"काय ताई? सत्तावन्न वर्षं मी छातीठोकपणे सांगत आले. बाळ्याची अब्रू घालवली मी त्या माणसासमोर." बाळ्या म्हणजे बाबा. ते सत्तावन्न वर्षांचे होते आणि दारात उभे राहून पायातली माती झटकत होते.

मुकादमाचे दोर मात्र थांबत नव्हते. चोवीस मीटरचे का होईना, पेड तर हवेच होते. मापटीने कमरेला ताग गुंडाळला, कानात फोनची वायर घातली आणि मोटर सुरू केली. चाक घुमलं. ती सूत सोडत मागे चालायला लागली आणि कानात धाकटीचं रेकॉर्डिंग. तिला एकच प्रश्न छळत होता. तीन मापं वेगवेगळी आली की एक तर दोन चुकीची असतात, नाहीतर मोजपट्ट्या वेगळ्या असतात. मोजपट्ट्या? ती नकळत आबांच्या चालीने चालत होती, टाचेला चवडा लावत.

कानात धाकटी हसत होती. "...आणि रात्री मला झोप नाही. पाय नुसते जळत होते. आईने तेल चोळलं. म्हणाली, कशाला गेलीस गं त्या ओल्या सिमेंटात..."

मापटी थांबली. सूत ताणलं, तुटलं, आणि टोक फटकन तिच्या मनगटावर बसलं.

तिने थोरलीचं रेकॉर्डिंग लावलं, पुढे सरकवलं, मागे आणलं. तेहेतिसाव्या मिनिटाला: "...मग आबांनी आम्हा तिघींचे पाय बादलीत बुडवून धुतले. माझ्या बोटांच्या बेचक्यात राहिलंच थोडं, खपली धरली." आणि मधलीचं, डब्यांच्या आवाजात: "...आधी तो खेळ, मग मोजणं. फीत नंतर."

कसला खेळ, हे मापटीने विचारलंच नव्हतं. मध्ये तोंड घालायचं नाही, असं ठरवलं होतं ना.

ती धावत घरात आली. थोरलीने पिशवीची चेन लावली होती.

"आत्या, मोजायच्या आधी काय खेळलात?"

"कधी?"

"त्या दिवशी! ओटा ओला होता तेव्हा!"

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. धाकटीने आधी तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई," ती म्हणाली. "पाय."

वीस वर्षांपूर्वी हाताचं चाक जाऊन मोटर आली होती, आणि मोटरची लोखंडी चौकट ओट्याच्या मधोमध बसवली होती. भोवती वंगण, तागाची धूळ, आणखी वंगण, असा बोटभर काळा थर. बाबांनी चौकटीचे चार बोल्ट सोडले. दोन निघाले, तिसरा फिरेना. आईने त्यावर रॉकेल ओतलं आणि म्हणाली, "आता बसा गप दोन मिनिटं." कुणीही बसलं नाही. मधलीने ओट्याची कड खराट्याच्या काडीने खरवडायला घेतली, थोरलीने कात्रीच्या पात्याने, धाकटीने नखांनी. चौथा बोल्ट निघताच सगळ्यांनी मिळून मोटर बाजूला केली. बाबांना वजन उचलायची मनाई होती, पण मधलीने पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मापटीने सोड्याचं गरम पाणी ओतलं. काळं पाणी वाहिलं. पुन्हा ओतलं. मग खाली राखाडी रंग दिसला, आणि राखाडीत एक खळगा, आणि खळग्याला पाच छोटे खळगे.

"माझा!" धाकटी ओरडली. तिने आपला मोठा थोरला पाय त्याच्यावर धरला. तिसरा हिस्सा बाहेरच राहिला. "एवढासा? हा माझा पाय?"

शेजारी दुसरा, त्याच्या पलीकडे तिसरा. तिन्ही उजवे, एका रांगेत, लहानमोठे. तिसऱ्याच्या अंगठ्याशेजारी आजोबांनी छिन्नीने बारीकशी फुली पाडली होती.

"फुली दगडावर होती ना?" मधली म्हणाली.

"इथेही आहे."

"आत्या, टेप," मापटीने हात पुढे केला. थोरलीने गळ्यातली टेप काढली, पण दिली नाही. स्वतःच गुडघ्यावर बसली. आयुष्यभर मापं घेतलेला हात होता, टाचेच्या कडेला टेपचं टोक दाबून तिने ती अंगठ्यापर्यंत नेली.

"सतरा, आणि वर दोन रेघा."

"सतरा पॉइंट दोन. धाकटी."

"एकोणीस, आठ रेघा."

"मधली."

"बावीस, चार." थोरली तशीच बसून राहिली, आपल्याच पायाच्या खळग्यात बोट घालून. मग तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळं अंग हलायला लागलं. "अगं, मी काय केलं? चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ओरडते, पोराच्या मागच्या वर्षीच्या मापावर कापड बेतू नका, पोर वाढतं. आणि स्वतः बारा वर्षांच्या पोरीची पावलं म्हातारीच्या पायांनी मोजली!"

"तुझा पाय आता केवढा?" मापटीने मापला. "चोवीस. म्हणजे दर पावलाला दीड सेंटिमीटरहून जास्त. एकशे एकाहत्तर वेळा."

"म्हणून विटवाल्याच्या म्हशीपर्यंत गेलीस," धाकटी म्हणाली.

मापटीने ओट्यावरच खडूने गुणाकार मांडला. पहिला तिने पुसून पुन्हा लिहिला. एकशे एकाहत्तर गुणिले बावीस पॉइंट चार. अडतीस मीटर तीस. एकशे त्र्याण्णव गुणिले एकोणीस पॉइंट आठ. अडतीस मीटर एकवीस. दोनशे तेवीस गुणिले सतरा पॉइंट दोन. अडतीस मीटर छत्तीस.

तिने खडू खाली ठेवला. "सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी, फरक पंधरा सेंटिमीटर. वीतभरही नाही."

"म्हणजे?" आईने विचारलं.

मापटीने तिन्ही उत्तरांवरून बोट फिरवलं. बाबाच बोलले.

"म्हणजे तिघींचं बरोबर."

मधली आधी रडली. मग धाकटीने तिला कोपराने ढोसलं, "बस कर, नाक पूस," आणि स्वतःही रडली. थोरलीने पिशवी उघडून शिवणाचा डबा काढला. डब्याच्या तळाशी, बटणांच्या खाली, विटकरी रंगाचा बोटभर कापडाचा तुकडा होता.

"टाकून दिला म्हणाली होतीस!"

"म्हणाले होते."

गुरुवारी मोजणीदार आला तेव्हा मोटर अजून बाजूलाच होती. त्याने ओट्यावर वाकून तिन्ही पावलं पाहिली, खडूचे आकडे पाहिले, मग मापटीला रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. तिन्ही आवाज त्याने उभ्याउभ्या ऐकले. धाकटीच्या गाठींपाशी आला तेव्हा त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

"चालेल," तो म्हणाला. "फीता धरा."

ओट्याच्या कडेपासून पोलादी फीता सरळ निघाला, कुंपणाखालून गेला, आणि विटांच्या थप्पीला जाऊन टेकला. अडतीस मीटर तीस थप्पीच्या पोटात येत होते.

"एकच खड्डा म्हणालो होतो मी," विटवाला म्हणाला. "तो झाला. थप्पी काढायला माझ्याकडे माणसं नाहीत आज."

"आहेत की," धाकटी म्हणाली, आणि पदर खोचला. "चला, पुढे सरका. मधे जागा आहे."

ती थप्पीपाशी उभी राहिली, मग मधली, मग थोरली, मग आई, मग मापटी. विटा हातोहात निघाल्या. भाजक्या विटांची धार तळहाताला कापत होती. थोरलीचा श्वास वाजायला लागला तरी ती रांगेतून हलली नाही. बाबा शेवटी उभे राहून विटा रचत होते, विटवाल्याच्याच जागेत, कोपरा साधून, एकही न फोडता. विटवाला बघत राहिला. त्याची माणसं त्याच्याकडे बघत राहिली.

"दोनशे चाळीस," मापटीने मोजलं. "दोनशे पन्नास."

"काय गं, तेही मोजतेस?" विटवाला म्हणाला.

"परत लावून द्यायच्यात ना काका, तेवढ्याच."

त्याने डोकं खाजवलं. "माझ्या बापाने मला कधी सांगितलं नाही," तो कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाला. "दगडाचं. मी खरंच सांगतो." मग त्याने पंचा डोक्याला गुंडाळला आणि आई नि मापटीच्या मधल्या जागेत येऊन उभा राहिला. पुढची वीट त्याच्या हातातून गेली.

चारशे बारा विटा निघाल्यावर जमीन मोकळी झाली. बाबांनी कुदळ घेतली. मधली म्हणाली, "डोळा," तेव्हा ती आईने घेतली. वरची माती दगडासारखी कडक होती, खालची मऊ. चौथ्या घावाला कुदळ खण्ण करून वाजली.

"मुरूम असेल," थोरली म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले होते.

मापटी खड्ड्यात उतरून हाताने माती सारायला लागली. काळ्या दगडाचा चौकोनी माथा निघाला, सपाट घासलेला. तिने त्यावर थुंकून ओल्या बोटाने घासलं. फुली दिसली. दोन रेघा, एकीचं टोक थोडं लांब.

"दिसली का?" धाकटीने विचारलं. आज तिचा आवाज एवढासा होता.

"दिसली."

मग जो गलका झाला तो मापटीच्या फोनमध्ये आहे. तो कुणी मुद्दाम रेकॉर्ड केला नव्हता, मोजणीदाराला आवाज ऐकवून झाल्यावर तिने चुकून पुन्हा बटण दाबलं होतं. त्यात तिघी एकदम बोलतात आणि एकही वाक्य अख्खं मिळत नाही. मध्ये एकदा मोजणीदाराचा आवाज येतो: "बाई, फीता सोडा, मला वाचू द्या." आणि मग: "अडतीस मीटर एकतीस."

कुंपण हलवायला विटवाल्याने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मोटर पुन्हा बसवली, ओट्याच्या एका बाजूला सरकवून, म्हणजे पावलं उघडी राहतील. ताग आईने आदल्या दिवशीच विंचरून ठेवला होता. तिन्ही आत्यांनी कमरेला ताग गुंडाळला. एकीने एक पेड, असं ठरलं. थोरली म्हणाली पहिला माझा, त्यावर दहा मिनिटं भांडण झालं.

"मोजायची का पावलं?" मधलीने विचारलं.

"मोज की. पण सांगू नकोस कुणाला."

त्या निघाल्या. उलट्या, हळूहळू, टाचेला चवडा लावत, ओठ हलवत. मागे काय आहे हे बघायला एकीनेही मान वळवली नाही. दगडाला टाच लागली की थांबायच्या.

दुपारी तिन्ही पेड एकत्र पिळले गेले. बाबांनी टोकं बांधली, दोर आकड्यावरून सोडवला आणि वाटेवर सरळ अंथरला. मापटीने एका टोकावर आईला उभं केलं आणि फीता दुसऱ्या टोकापर्यंत नेला. सगळे तिच्या खांद्यावरून वाकले होते.

पंचवीस मीटर बावन्न सेंटिमीटर.